आमच्या मशीनवर लावून दाखवा

लगीनसराई परत आली आहे. रायपुरात, बूढ़ापाराच्या गल्ल्यांत भर दुपारी वाजंत्री वाजू लागली की समजावं, मराठी लग्न आहे. हिंदी शेजारी रात्री लग्नं लावतात, आम्ही सूर्य डोक्यावर असताना. "आप लोग दोपहर में शादी करते हो और खिला-पिलाकर मेहमानों को सुला देते हो," असं आमच्या समोरचे भैया दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी पंगतीला पहिले येऊन बसतात. तलावाकडून येणारा वाराही या दिवसांत तव्यावरून उतरल्यासारखा येतो. बँडवाले आपले जरीचे कोट काढून मांडीवर घेतात आणि सावलीत बसून वरातीची वाट पाहतात. त्या कोटांना वर्षभराच्या घामाचा आणि गुलाबपाण्याचा मिळून एक वास असतो. तो आला की मला एक जुना उन्हाळा आठवतो.

यंदा तो आठवला मॉलमध्ये. शहरात मॉल आला आहे, त्यात टीव्हीचं दुकान आहे, आणि तिथला टाय लावलेला विक्रेता मला म्हणाला, "मैडम, डीवीडी तो अब गई समझो. उसके बाद के दो फॉर्मेट लड़ रहे थे, एक हार गया. अब ब्लू-रे ही चलेगा."

"किसने तय किया?" मी विचारलं.

"मार्केट ने," तो म्हणाला. देवाचं नाव घ्यावं तसं.

माझं डोकं फिरलं. मार्केट ने! दूर कुठेतरी चार काचेच्या इमारतींत चार माणसं ठरवतात, आणि पावती मार्केटच्या नावावर फाडतात. अरे, मार्केटला चेहरा असतो. मी तो पाहिलेला आहे. तो आमच्या गल्लीतल्या नलूकाकूंचा आहे, घामेजलेला, कुंकू कपाळभर पसरलेला, आणि कडेवर मूल घ्यावं तशी कडेवर व्हीसीडीची मशीन घेतलेला.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. जुन्या इमारतींवर रातोरात नव्या पाट्या चढल्या होत्या, लाल दिव्याच्या गाड्या गायींच्या मागे हॉर्न वाजवत उभ्या राहत होत्या, आणि 'राजधानी' हा शब्द प्रत्येक दुकानदाराच्या तोंडी बसला होता. घरमालक भाडं वाढवताना म्हणे, राजधानी है. शाळेनं फी वाढवली, राजधानी है. टपरीवरचा चहाचा ग्लास लहान झाला तरी कारण तेच. राजधानी आम्हाला काय देणार ते ठाऊक नव्हतं, पण ती घेत होती मात्र रोज. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, ग्राहकांच्या एका छोट्या मंचासाठी पत्रकं लिहायची आणि सायकलवरून वाटायची. वजनात मारणारा किराणावाला, मुदत संपलेली औषधं, मीटर न पाहता येणारं बिल, असले माझे विषय. व्हीसीडी आणि डीव्हीडीचं भांडण हा पत्रकाचा विषय होईल असं मला वाटलं नव्हतं. ती तर करमणूक. करमणुकीत कसला आलाय अन्याय!

पण व्हीसीडीची मशीन आमच्या गल्लीत करमणूक म्हणून आलीच नव्हती. ती भिशीतून आली होती. आमच्या भागातली मराठी घरं बहुतेक विदर्भातून आलेली, कुणी रेल्वेत, कुणी पाटबंधाऱ्यात, कुणी शाळेत. त्या घरांतल्या बायकांची एक भिशी होती, आणि त्या वर्षी त्यांनी ठरवलं की पैसे हातात घ्यायचे नाहीत, नाहीतर ते पोराच्या फीत नि नवऱ्याच्या मित्रांत जातात. ज्या महिन्यात जिची भिशी लागेल तिच्या घरी व्हीसीडीची मशीन. सगळ्यांना एकच बनावट, एकाच दुकानातून. वर्ष संपेपर्यंत घराघरात टीव्हीखाली तीच चपटी रुपेरी पेटी बसली होती, वर क्रोशाचं कव्हर, कव्हरावर प्लास्टिकचं गुलाबाचं फूल. दसऱ्याला शिवणयंत्र, स्कूटर आणि ही पेटी, तिघांना ओळीनं हळदीकुंकू. नलूकाकूंच्या मशीनच्या ट्रेवर तर कुंकवाचा ठिपका कायमचा चिकटला होता. बटण दाबलं की ट्रे बाहेर यायचा, सौभाग्यवती होऊन.

ती दुपार मला अजून आठवते. कूलरच्या गवतातून गळणाऱ्या पाण्याचा टपटप आवाज, ओल्या वाळ्याचा वास, खिडकीला लावलेली चादर, फरशीवर लोळणारी आम्ही सगळी, आणि पडद्यावर कुठलातरी सिनेमा मध्येच गोठलेला. तबकडी अडकली की कुणीतरी उठायचं, ती पदराला पुसायची, फुंकर मारायची, परत लावायची. नायक जिथं अडकला तिथून पुढच्या वाक्याला उडी मारायचा. मधलं काय झालं ते आम्ही आपसांत ठरवून टाकत असू. रस्त्यापलीकडच्या एका काकांना हे सहन होत नसे. ते पहिले डीव्हीडीवाले. "चित्र बघा, चित्र! नायिकेच्या कानातला मोती दिसतो," म्हणायचे. पण डीव्हीडीवर मिळणारे सिनेमे इतके थोडे की आठवडाभरात त्यांचे सगळे पाहून झाले. मग रुमालात गुंडाळून व्हीसीडी आणून त्याच मशीनवर लावू लागले. हसू नका. मला ते आवडायचे. नवं घेतलंही आणि जुनं सोडलंही नाही, एवढा शहाणपणा कंपन्यांना सुचला असता तर भांडणच नसतं.

स्टेशनपलीकडच्या गुढ़ियारीत वेगळी तऱ्हा. तिथले मालधक्क्यावरचे हमाल रविवारी सगळे मिळून टीव्ही आणि मशीन भाड्यानं आणत. मी पत्रकं घेऊन जायची तेव्हा त्यांच्या ओसरीत बसून चहा घ्यायची. भाड्यानं देणारा एकदा नवी मशीन घेऊन आला, म्हणे हीच न्या, डीव्हीडी आहे, चित्र काचेसारखं. त्यातल्या एका दादांनी विचारलं, "एमा जुन्ना तवा चलही?" म्हणजे जुन्या तबकड्या हिच्यात चालतील? भाडेवाला म्हणाला, चालतील. "हव, तब ठीक हे." बस, त्यांचं मत झालं. नव्यानं जुन्याचं काम केलं पाहिजे. पंधरा पानी अहवालात जे मावत नाही ते या माणसानं चहा फुंकता फुंकता विचारलं.

आणि सगळ्यांत मोठी फौज होती ती थांबलेल्यांची. त्यांना कोणी मोजत नाही. दुकानात येतात, दोन्ही मशीन पाहतात, दोन्हींचे बोर्ड वाचतात, एसीची हवा खातात आणि "अभी देखते हैं" म्हणून निघून जातात. वर्तमानपत्रं लिहीत की छोट्या शहरातला ग्राहक अजून मागास आहे, त्याला नवं तंत्र कळत नाही. मला त्या लिहिणाऱ्यांना हाताला धरून बूढ़ापारात आणावंसं वाटे. कळत होतं बाबांनो, सगळं कळत होतं. तुमची मारामारी संपेपर्यंत आपला पैसा गाठीला बांधून ठेवायचा, हेही कळत होतं.

तर त्या उन्हाळ्यात नलूकाकूंच्या शुभाचं लग्न झालं.

शुभा माझी मैत्रीण. तिचे वडील वासूकाका रेल्वेत गार्ड. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली, आणि आम्ही करवल्या मेंदीभरल्या हातांनी त्यांना रिक्षात चढवलं. दवाखान्याच्या खाटेवरून त्यांनी एकच निरोप पाठवला, "मुहूर्त चुकवू नका." गाडी वेळेवर सोडायची सवय. दुसऱ्या दिवशी दुपारी मामानं कन्यादान केलं, शुभा रडत रडत भुसावळला गेली, आणि काका पांढऱ्या छताकडे पाहत दवाखान्यात पडून राहिले. पुढे घरी आले ते वाळून. डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला नेऊन हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल. जिना चढायचा नाही, उन्हात पाऊल टाकायचं नाही, तारीख येईपर्यंत पडून राहायचं. काका पडून राहिले. ऑपरेशनबद्दल एक शब्द बोलत नसत. विचारत फक्त एवढंच, "शूटिंग आलं का?"

शूटिंग आलं ते नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी. मखमली डबीत एकच चकचकीत तबकडी, वर शुभा आणि जावयाचा हसरा फोटो. काकूंनी मशीनला नमस्कार करून ती लावली. पडद्यावर अक्षरं आली, नो डिस्क.

काकूंनी तबकडी पदरानं पुसली. नो डिस्क. कापसावर गुलाबपाणी घेऊन पुसली. नो डिस्क. मग रिठ्याच्या पाण्यात धुतली, पंख्याखाली वाळवली, देवापुढे ठेवून परत आणली. आतल्या खोलीतून काकांचा आवाज, "लागली का?"

"लागून राहिली, थांबा जरा," काकू म्हणाल्या, आणि स्टुडिओत धावल्या. खाली टीव्ही-डीव्हीडीची शोरूम, वर शूटिंगचा स्टुडिओ, दोन्ही एकाच सेठचं. सेठनं तबकडी आपल्या मोठ्या पडद्यावर लावून दाखवली. शुभा हळदीच्या पाटावर बसलेली, एकदम साफ. "डिस्क तो चकाचक है माताजी. आपकी मशीन खराब होगी."

काकू परत आल्या त्या थेट माझ्याकडे. "तू ग्राहकवाली हाये ना? पाह्य बरं." मी तबकडीच्या मधल्या कड्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि तोंडात शिवी आली. डीव्हीडी. व्हीसीडीच्या मशीनला ती दिसणारही नाही, गुलाबपाण्यानं पुसा नाहीतर गंगाजलानं. शूटिंग ठरवायला गेलो तेव्हा कोणी विचारलं नव्हतं तुमच्याकडे कुठली मशीन आहे. कोणी सांगितलंही नव्हतं. आणि आता खराब कोण? तर आमची मशीन!

मी तिथंच कागद ओढला आणि पत्रक लिहायला बसले. 'ग्राहकहो, सावध! राजधानीच्या नावाखाली चाललेली ही लूट...' असं काहीतरी, चांगलं पानभर. तेवढ्यात वैद्यबाई आल्या. वैद्यबाई म्हणजे भिशीच्या प्रमुख, शाळेतून निवृत्त, आवाज घंटेसारखा. चष्मा वर करून त्यांनी माझं पान वाचलं.

"हे वाचेपर्यंत गाडी नागपूरले पोचते," त्या म्हणाल्या. "याच्यात सांगणं काय हाये तुले, एका ओळीत सांग."

मी म्हटलं, "की आधी आमच्या मशीनवर लावून दाखवा."

"मंग तेवढंच लिही ना वो बाई. बाकीचं काहून लिहून राहिली?"

मग त्या उठल्या, दारात उभ्या राहिल्या आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भिशीवाल्या, आपापल्या मशीनी काढा. त्याले दाखवू, सगळ्यांच्या एकदम खराब झाल्या काय ते."

असा मोर्चा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मोर्चात मी पुष्कळ चालले आहे. त्यांत घोषणा असतात, झेंडे असतात, आणि अर्धे लोक चहाच्या टपरीवर असतात. इथं सायकलरिक्षांची ओळ, प्रत्येक रिक्षात दोन बायका, मांडीवर टॉवेलात, जुन्या साडीत, एकीनं तर नातवाच्या दुपट्यात गुंडाळलेली मशीन. क्रोशाची कव्हरं सोबत घेतलेली, उगाच धूळ बसू नये. वर रणरणतं ऊन. रिक्षावाल्यानं विचारलं, "दीदी, मशीन बेचने जा रहे हो क्या?" वैद्यबाई म्हणाल्या, "नहीं भैया, गवाही देने जा रही है."

जाताना त्यांनी मला बजावलं होतं, "तू एक शब्द बोलू नको पोट्टे. कड्यावरचं ते वाचलं ना, पोटात ठेव. त्याच्याच तोंडून येऊ दे."

सेठनं इतक्या बायका एकदम आत आलेल्या पाहून आधी थंड पाणी मागवलं. त्याला वाटलं असावं, मोठं गिऱ्हाईक. मग काचेच्या काउंटरवर एकीशेजारी एक मशीन मांडली गेली. सगळ्या सारख्या. काही ट्रेंवर कुंकू.

"लगाइए," वैद्यबाई म्हणाल्या.

त्यानं पहिलीत लावली. नो डिस्क. दुसरीत. नो डिस्क. प्रत्येक मशीननं आपापली साक्ष दिली, शब्द न बदलता. शोरूममधली बाकीची गिऱ्हाइकं जवळ सरकली. सेठच्या कपाळावर एसीत घाम.

"सब खराब हैं क्या?" वैद्यबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"नहीं माताजी, वो क्या है..." सेठनं गळा साफ केला. "ये डीवीडी है. वीसीडी मशीन में नहीं चलती."

"तो बोला क्यूँ नहीं?"

"अब सब जगह डीवीडी ही है. राजधानी है अब अपना रायपुर."

"राजधानी आपके दुकान तक आई होगी. हमारे नल तक तो पानी भी नहीं आया."

हशा पिकला. सेठही हसला, कारण माणूस वाईट नव्हता, कंपनीनं भरवलेला होता. मागच्या भिंतीला डीव्हीडीच्या खोक्यांची चळत लागली होती, ती खपवायची होती. त्यानं त्यातलंच एक खोकं उचलून नलूकाकूंपुढे ठेवलं. "आप आज ये घर ले जाइए. आराम से देखिए. किश्त बाँध देंगे."

काकू तोवर गप्प होत्या. भांडण वैद्यबाईंचं चाललं होतं, काकूंच्या डोळ्यांपुढे घड्याळ होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाईसाहब, मेरे साहब कल सुबह की गाड़ी से नागपुर जा रहे हैं. दिल का ऑपरेशन है. लड़की की शादी उन्होंने देखी नहीं."

काकूंचा हात त्या खोक्याकडे गेला. मी पाहिलं, वैद्यबाईंनीही पाहिलं. आणि वैद्यबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मला अजून त्यांचं त्याबद्दल कौतुक वाटतं. तत्त्व तिथं होतं, माणूसही तिथं होता, आणि त्यांनी माणसाला वाट दिली. काकूंनी खोकं घेतलं असतं तर आम्ही सगळ्यांनी मिळून ते रिक्षात ठेवून दिलं असतं.

काकूंनी खोक्यावर बोटं टेकवली आणि मागे घेतली. "हे नेलं तं भंडाऱ्याच्या नणंदेनं कशावर पाहाचं? अन् गोंदियाच्या जाऊबाईनं? सगळ्यांकडे हेच मशीन हाये," त्या स्वतःशीच मराठीत बोलल्या, आणि मग सेठकडे पाहून, "हमारी मशीन पे चले ऐसा बना दो. आज. शाम तक."

"आज तो मुश्किल है. कंप्यूटर पे दूसरा काम लगा है, और ग्राहक भी हैं..."

तेव्हा मागून एक बाई पुढे आल्या. भोपाळहून बदलून आलेल्या कुठल्याशा साहेबांच्या घरच्या, कडक सुती साडी, हातात पर्स उघडलेली. डीव्हीडीची सगळ्यांत महागडी मशीन त्यांच्यासाठी पॅक होत होती. त्यांना डीव्हीडी हवी होती, मनापासून हवी होती. त्यांनी पर्स बंद केली. "सेठजी, पहले इनका कीजिए. इनका नहीं हुआ तो मेरा भी रहने दीजिए." आणि स्टूल ओढून बसल्या.

त्यांच्या मागे अभनपूरचे एक दाऊ, म्हणजे तिकडचे मोठे शेतकरी, होते, मुलाच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आलेले. ते म्हणाले, "हव सेठ. पहिली इंकर काम कर दे, तहाँ ले मोर बुकिंग लिखबे. अउ सुन, मोर घर म घलो इही मशीन हे." आधी यांचं काम, मग माझं बुकिंग, आणि माझ्या घरीही हीच मशीन, असं सांगून तेही बसले.

डीव्हीडीवाल्या बाई आणि व्हीसीडीवाले दाऊ एका बाकावर. कंपन्यांच्या जाहिरातींत हे दोघे एकमेकांचे शत्रू होते.

सेठ स्वतः वर गेला आणि दुसरं काम थांबवून त्यानं आमचं लावलं. वेळ लागणार होता. मग भिशीनं आपलं बस्तान बसवलं. पिशव्यांतून कापूस निघाला आणि थंडगार शोरूममध्ये, मोठमोठ्या पडद्यांसमोर, बायका वाती वळू लागल्या. भोपाळच्या दीदींनी विचारलं, हे कसं करतात? वैद्यबाईंनी त्यांच्या तळहातावर कापूस ठेवला. पहिली वात अळीसारखी झाली. "चलेगी," वैद्यबाई म्हणाल्या, "भगवान फॉर्मेट नहीं देखते."

माझं पत्रक तिथंच झालं. एक ओळ, मराठीत आणि हिंदीत. पुढच्या काही आठवड्यांत मी ते गुढ़ियारीत वाटलं, दाऊंनी अभनपूरला नेलं, आणि लगीनसराई संपेपर्यंत शूटिंगवाले बुकिंग घेतानाच विचारू लागले, व्हीसीडी की डीव्हीडी? कुणी ठरवलं? मार्केटनं. आता कळलं का, टायवाले भाऊ, मार्केट कुठं राहतं ते.

ऊन उतरता उतरता सेठ जिन्यावरून खाली आला, हातात तीन तबकड्या. तीन तासांचं लग्न व्हीसीडीच्या एका तबकडीत मावत नाही. त्यानं तिन्ही नलूकाकूंच्याच मशीनवर लावून पाहिल्या, स्वतःच्या हातानं. सनई वाजली तशा सगळ्या बायका उभ्या राहिल्या. आणि सेठनं, मी खोटं सांगत नाही, तीनही तबकड्या डबीत घालण्याआधी आपल्या सदऱ्याला पुसल्या.

घरी काका उशीला टेकून बसले होते. केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा सदरा. त्यांनी लग्नाचे कपडे केले होते. "लागली का?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी काकू म्हणाल्या, "लागली."

खोली भरली. कूलर घोंघावत होता, म्हणून आवाज वाढवला. काका नुसते पाहत होते. पाहता पाहता त्यांच्यातला गार्ड जागा झाला. "हा मंडप वाकडा बांधला." "पंगतीले वांग्याची भाजी कोणी वाढून राहिलं? हात पाह्य त्याचा, किती कंजूस." कन्यादानाला मामाच्या हातून पाणी सांडलं तर ओरडले, "अरे, सरळ धर ना बाप्पा! माह्या पोरीचा शालू भिजवला." आम्ही हसलो. काकू पदर तोंडाला लावून हसल्या, मग तसाच पदर डोळ्यांना लावला.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि अक्षता उडाल्या. तिथं व्हीसीडी हरली, हे सांगितलंच पाहिजे. इतके तांदूळ एकदम उडालेले त्या बिचारीला झेपले नाहीत. चित्राचे चौकोन झाले, शुभाचा चेहरा चौकोनांत फुटला, जावयाचा फेटा भिंतीला चिकटला. डीव्हीडीवर तांदळाचा दाणा न् दाणा दिसला असता. मी काकांकडे पाहिलं. ते पुढे वाकले होते, आणि उजव्या हाताची मूठ हळूच उघडून, समोरच्या त्या फुटक्या चित्रावर, काहीच नसलेलं काहीतरी टाकत होते. प्रत्येक 'सावधान'ला एकदा.

दुसरी तबकडी संपली. काकूंनी ट्रे उघडला, तिसरी उचलली. तिच्यावर मार्करनं लिहिलं होतं, बिदाई, म्हणजे शुभाची पाठवणी.

"ते राहू दे," काका म्हणाले.

"काहून? थकले काय?"

"थकलो नाई. ते आल्यावर पाहीन."

इतके दिवस ऑपरेशनचं नावही न काढलेला माणूस 'आल्यावर' म्हणाला होता. वैद्यबाईंनी मशीनवर क्रोशाचं कव्हर घातलं, फूल सरळ केलं. "हव, आल्यावर सगळे मिळून पाहू," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

सकाळच्या गाडीनं काका नागपूरला गेले. आले. छातीवर उभी शिवण घेऊन आले, शिवण दाखवत फिरले, भिशीवाल्यांना पेढे दिले. तिसरी तबकडी लावायची निघाली तर म्हणाले, "घाई काय हाये? पावसाळा लागू दे." पावसाळ्यात म्हणाले, दिवाळीत शुभा येईल तेव्हा. शुभा आली, गेली. पुढच्या उन्हाळ्यात बाळंतपणाला आली, गेली. आता तिचा मुलगा आजोबांच्या शिट्टीवर गाडी सोडतो. काकांनी ती तबकडी पाहिलेली नाही. 

परवा मॉलमधून आले ती तशीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "काका, तुमची जुनी मशीन आता किती टिकणार? तिन्ही तबकड्या द्या माझ्याकडे. एका डीव्हीडीत सगळं उतरवून आणते. चित्र तेच राहील, पण उठबस नको. एकदा लावलं की शेवटपर्यंत."

काका शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले.

"नको बेटा," ते म्हणाले. "शेवटपर्यंत कोणाले जाचं हाये?"